ज्वारीचं माल्ट घरी करताय? या चुका टाळा

भिजवण्यापासून दळणापर्यंत पाच दिवस लागतात. तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, “दोन दिवसांत नाही का होणार?” नाही होणार. बिअरवाले बार्लीचं जे करतात तेच आपण ज्वारीचं करतो: भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. त्यांच्या पुढच्या कामाला परवाना लागतो, आपलं माल्ट आंबिलीत जातं. घाईच्या क्लृप्त्या मात्र दोघांच्या सारख्याच.

ज्वारी खायची घ्या, पेरायची नको. पेरून उरलेल्या बियाण्याला झकास मोड येतात, म्हणून तेच भिजवणारे मी पाहिलेत. त्यावरचा गुलाबी रंग औषधाचा असतो. कितीही धुतलं तरी ते पोटात जायच्या लायकीचं होत नाही.

भिजवणीचं पाणी सात-आठ तासांनी बदला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे मलाही माहीत आहे. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, पण बदला. आंबूस वास आला की पुढची मेहनत वाया.

आता चादरीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका वैनींनी ऐन मे महिन्यात पाच किलो भिजवलेली ज्वारी जाड सोलापुरी चादरीत गच्च गुंडाळली आणि वर पाट ठेवला. का, तर ऊब मिळाली की मोड लवकर येतील! दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. गाठोड्यात हात घातला तर आत चटका बसेल इतकं गरम, मधले दाणे चिकट, बाजूला करडी बुरशी. वैनी म्हणाल्या, “वरचे चांगले दिसतायत, तेवढे घेऊ का?” म्हटलं, सगळं टाका. मोड येताना दाणा स्वतःच उष्णता सोडतो. ढीग केला की ती आत कोंडते, त्यात आपला उन्हाळा चाळिशीच्या वरचा. मी ओल्या सुती फडक्यावर दोन बोटं जाडीचा थर देतो आणि सकाळ-दुपार-रात्र हाताने उलटतो. कंटाळवाणं आहे, पण सोपं आहे.

दुसरी चूक याहून वाईट: मोड न काढता दळणं. मटकीला चालतं म्हणून ज्वारीला चालत नाही. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. सायनाइड तयार करणारं तेच द्रव्य या कोंबांत आणि मुळांत असतं, दाण्यात फारसं नसतं. वाळवल्याने ते जातं असं समजू नका. कडकडीत वाळलेलं माल्ट गोणपाटावर चोळा, सुपात पाखडा, कोंब-मुळं पूर्ण निघेपर्यंत पुन्हा चोळा. निघालेला भुसा गुरांनाही घालू नका. लहान मुलासाठी करत असाल आणि पाखडायला वेळ नसेल, तर माल्ट करूच नका, साधी पेज द्या. आणि मोडाच्या ज्वारीची उसळ? अजिबात नाही.

ओलं माल्ट तापलेल्या पत्र्यावर टाकू नका. आधी सावलीत पंख्याखाली, मग ऊन. ओलेपणी जास्त तापलं तर पिठाची साखर करणारी पाचकद्रव्यं मरतात. तव्यावर लाल भाजणाऱ्यांचंही तेच. वास छान येतो, काम शून्य.

गिरणीत मिरचीनंतर नंबर लावू नका.

आणि तक्रार कायमची: “माल्ट घातलं तरी आंबील घट्टच.” उकळत्यात घातलं असणार. आधी साध्या ज्वारीच्या पिठाची घट्ट आंबील शिजवा, ती 65 अंशांपर्यंत निवू द्या, मग चमचाभर माल्ट थंड पाण्यात कालवून त्यात ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत पळी सैल फिरायला लागेल. मग पुन्हा एक उकळी आणा. ताक घालायचं ते पूर्ण गार झाल्यावर.