नागपूरला बदली झाली? ऐकलेलं असं चाळून घ्या

नागपूरला बदली झाल्याचं कळलं की पुण्या-मुंबईकडचे लोक अभिनंदन कमी आणि सूचना जास्त देतात. उन्हात भाजून निघशील, सावजी खाल्लंस की दोन दिवस गेलेच, तिकडे सगळे हिंदीत बोलतात, माणसं सुस्त, आणि येताना संत्री मात्र पोतंभर आण. यातलं निखालस खोटं काहीच नाही, म्हणून तर ते टिकलंय. घोळ एवढाच, की एका महिन्याची किंवा एका मोहल्ल्याची गोष्ट अख्ख्या शहराला वर्षभर चिकटवली जाते. म्हणून ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे: कोणत्या महिन्यात? आणि नेमकं कुठे?

उन्हापासून सुरुवात करू. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा ख्याती फुकटची नाही. पण ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ५६ चा आकडा लोकांच्या ध्यानात राहिला, खुलासा राहिला नाही. मे महिन्यात ४४-४५ गृहीत धरा आणि त्या हिशेबाने घर लावा.

म्हणजे कूलर. दमट हवेतून आलेला माणूस इथे हमखास चुकतो: खोलीची दारं-खिडक्या एसीसारखी बंद करून कूलर लावतो आणि तासाभरात चादरी चिकट झाल्या म्हणून कूलरला नावं ठेवतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून (बाजूच्या गवती जाळ्यांमधून) खेचून गार करतो. ती ओल खोलीतून बाहेर पडायला वाट हवी. कूलर खिडकीबाहेर बसवा, तोंड आत, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवा. आधी पंप चालू करून ताट्या पूर्ण भिजू द्या, मग पंखा. ताट्या दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये बदला. जुन्या ताट्यांवर क्षार बसतात, पाणी एकाच बाजूने उतरतं आणि कोरड्या राहिलेल्या पट्ट्यातून गरम झळ येते. टाकीतलं पाणी चार-पाच दिवसांनी पूर्ण काढायचं, नाहीतर वास आणि डास दोन्ही. जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की हाच कूलर निरुपयोगी होतो, कारण हवेतच ओल असते. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. आणि स्वेटर टाकून येऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो.

'सुस्त' हा शिक्का याच उन्हातून आलाय. मे महिन्यात दुपारी १ ते ५ रस्ते ओस पडतात. तेच रस्ते सकाळी ७ ला आणि रात्री १० ला बघा. महत्त्वाचं काम सकाळी ११ च्या आत उरका किंवा संध्याकाळी ६ नंतर ठेवा. दुपारी ३ ला कुणाच्या दारात उभं राहून त्याच्या उत्साहाचं माप काढू नये. (दुपारी दुकान बंद ठेवण्याची खरी कीर्ती कोणत्या शहराची, ते इथे काढत नाही.)

भाषेचं प्रकरण जरा मोठं आहे. अनोळखी माणसाशी नागपूरकर पहिलं वाक्य बऱ्याचदा हिंदीत टाकतो. त्याला मराठी येत नाही असा अर्थ काढू नका. १९५६ पर्यंत हे शहर ज्या प्रांताची राजधानी होतं, त्यात जबलपूर-रायपूरचा हिंदी मुलूखही होता. कचेरी, बाजार, शाळा सगळीकडे दोन्ही भाषा शेजारी शेजारी वाढल्या. तुम्ही सरळ मराठीत उत्तर द्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तोही मराठीवर येतो. आला नाही तर हिंदीत बोला, अस्मितेचा प्रश्न करू नका.

"काय करून राहिला?" म्हणजे 'काय करतोयस?' एवढंच. 'येऊन राहिलो', 'पाहून राहिलो' हीच रचना. ती सुधारायला जाऊ नका, आणि पहिल्या आठवड्यात तिची नक्कल तर मुळीच करू नका. ती चिडवल्यासारखी वाटते. 'बे' चा, म्हणजे 'अरे' सारख्या सलगीच्या हाकेचा, नियम आणखी कडक. तो बरोबरीच्या दोस्ताला, तोही आधी त्याने तुम्हाला 'का बे' म्हटल्यावर. साहेबांना, वडीलधाऱ्यांना, बायामाणसांना कधीच नाही. ऑटोवाला, भाजीवाला, शिपाई, सगळ्यांना 'भाऊ' चालतं आणि बरं वाटतं. भाजीबाजारात कुणी 'सांबार ताजा आहे' म्हणालं तर पातेलं शोधू नका, ती कोथिंबीर. आलू म्हणजे बटाटा, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. पोट्टा-पोट्टी पुण्यात उर्मट वाटेल, इथे घरातल्या लेकरालाच म्हणतात.

नागपूरकराला 'तुम्ही वऱ्हाडी लोक' म्हणणं ही सगळ्यांत ठरलेली चूक. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम. नागपूर त्यात येत नाही. पूर्वेला भंडारा-गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झाडीपट्टी, तिची बोली निराळी. ११ जिल्ह्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर विदर्भ म्हणा. वेगळ्या विदर्भाचा विषय मात्र तुम्ही काढू नका. निघाला तर १९५३ च्या नागपूर कराराचं (विदर्भ महाराष्ट्रात कोणत्या अटींवर येणार ते ठरवणाऱ्या) नाव तरी ठाऊक असू द्या, नाहीतर नुसतं ऐका.

जेवण. सावजी ही हलबा कोष्टी या विणकर समाजाची झणझणीत पाककृती. नागपुरातल्या घरोघरी रोज वरण-भात-भाजी-पोळीच असते. सावजी खायचं असेल तर पहिल्या वेळी दोघांत एक प्लेट घ्या. वर तरंगणारी तर्री (तिखट तेलाचा थर) चमच्याने बाजूला सारा, खालचा रस्सा भाकरीशी खा आणि तर्री लागेल तशी घ्या. नवखे उलट करतात: आधी ढवळतात, मग घटाघट पाणी पितात. तिखट पाण्यात विरघळत नाही, नुसतं तोंडभर पसरतं, दही मागवा. शाकाहारी म्हणून पाटवडी रस्सा सौम्य असेल असं समजू नका. पोह्यांच्या गाडीवर 'तर्री बाजूला द्या, भाऊ' म्हटलं की हरभऱ्याचा रस्सा (तिथे त्यालाच तर्री म्हणतात) वेगळ्या वाटीत मिळतो.

आता संत्री. बागा शहरात नाहीत. काटोल, नरखेड आणि पुढे अमरावती जिल्ह्यातलं वरूड-मोर्शी हा तो पट्टा. झाडाला दोन बहार: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. जूनमध्ये कुणी 'नागपुरी' म्हणून विकत असेल तर विचारपूस करा. हिवाळ्यात घोळ किन्नू या संत्र्यासारख्याच फळाचा होतो: त्याची साल चकचकीत आणि फळाला घट्ट चिकटलेली, बिया बऱ्याच. नागपुरी संत्र्याची साल सैल, अंगठा लावला की सुटते. पेटी नेताना वरचा थर पाहून भागत नाही, तळातली दोन फळं काढून बघा.

राहता राहिलं तुमच्याबद्दल इथे काय ऐकलेलं आहे ते. पुण्याचे असाल तर तुम्ही चहा विचाराल, पाजणार नाही, अशी सर्वांची खात्री आहे, आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. घर लागलं की शेजारच्या काकू डोकावतील. तेव्हा 'चहा घेणार का?' असं विचारू नका. त्यांना बसवा आणि आत जाऊन आधण ठेवा.