न्हाणीतला गीझर: वायरिंगच्या या चुका टाळा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या म्हार्दोळजवळच्या एका घरातून फोन आला. मुंबईहून पंधरा माणसं आलेली, न्हाणीबाहेर रांग, आणि गीझर बंद. "गीझर जळला. नवा आणायला भावाला पाठवलाय, तुम्ही येऊन नुसता बसवून द्या." गेलो, तर दारातच जळक्या प्लास्टिकचा वास. प्लग ओढला तर तो एकटा आला नाही, सॉकेटचा अर्धा भाग सोबत घेऊन आला. गीझर मात्र ठणठणीत होता.

फोंड्याच्या आसपास वायरिंगची कामं करता करता माझं हे मत पक्कं झालंय: दोष बहुतेक वेळा गीझरात नसतो, त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असतो.

आपल्या जुन्या घरांत न्हाणीत भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं असायचं आणि खाली नारळाची सोडणं नि झावळ्यांचे पिडे पेटलेले. वायरमनला तिथे फक्त एक दिवा लावायचा असे, म्हणून त्याने बारीक वायर ओढली. पुढे भाण गेलं, गीझर आला, पण वायर तीच राहिली. दिव्याच्या बोर्डावरून गीझरला लाइन देणं ही पहिली चूक. 2 किलोवॅटचा गीझर साधारण 8.7 अँपिअर खेचतो, 3 किलोवॅटचा इन्स्टंट 13. दोघांनाही जाड पिनांचं 16 अँपिअरचं सॉकेटच हवं. 6 अँपिअरच्या सॉकेटात अ‍ॅडॉप्टर खुपसून चालवू नका. 2 किलोवॅटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 3 किलोवॅटला चारची, आणि तीही डीबीपासून (घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या पेटीपासून) थेट, मध्ये कुठेही जोड न देता.

जोडावर एवढा जोर का, ते सांगतो. सॉकेटचा स्क्रू सैल पडला आणि तिथे अर्धा ओहम जरी रोध तयार झाला, तरी 8.7 अँपिअरला त्या एका ठिकाणी 38 वॅट उष्णता होते. सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचं असतं. म्हणजे अंघोळी चालू असेपर्यंत भिंतीत एक पेटतं सोल्डरिंग आयर्न ठेवल्यासारखंच. एरवी दोन अंघोळींत हे निभावून जातं. चतुर्थीला गीझर सकाळभर चालतो आणि सॉकेट वितळतं. पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं किंवा प्लग हाताला गरम लागला, तर तेव्हाच सॉकेट बदला. मोरजी-मांद्र्याकडे खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा कळंक चढतो. तिथे नुसता स्क्रू आवळून भागत नाही. वायरचं टोक कापून ताजं तांबं काढावं लागतं.

आता अर्थिंग, म्हणजे गीझरच्या अंगावर आलेली वीज जमिनीत नेणारी वायर. म्हार्दोळच्या त्या घरात सॉकेट बदलताना हिरवी वायर जराशी ओढली. चार बोटं बाहेर आली आणि संपली. टोकाला नीट टेप गुंडाळलेली. म्हणजे तीन पिनांचा प्लग, तीन भोकांचं सॉकेट, आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नाही! घरमालक म्हणाले, "इतकी वर्षं कुणाला शॉक बसला नाही." एलिमेंट (आतली पाणी तापवणारी कांडी) तोवर फुटून वीज गीझरच्या अंगावर आली नव्हती, एवढंच.

अर्थ नाही म्हणून काही जण ते तिसरं भोक सॉकेटातच न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या वायरला) जोडून मोकळे होतात. हे तर अर्थ नसण्यापेक्षाही वाईट. पावसात फांदी पडून न्यूट्रल तुटला, की गीझरच्या अंगावर फेज, म्हणजे जिवंत वीज येते, गीझर धडधाकट असला तरी. नळाच्या पाइपला अर्थ बांधण्याचे दिवसही गेले. आता पाइप प्लास्टिकचे आहेत.

अर्थिंग असलं तरी आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. सड्यावर मार्च-एप्रिलमध्ये अर्थची वायर पुरलेला खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. समजा तो 20 ओहम झाला. एलिमेंट फुटून फेज अंगावर आला तर प्रवाह वाहील 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) त्यावर कधीच पडणार नाही. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पडणारा स्विच लागतो. उन्हाळ्यात अर्थच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतत जा.

एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी 32 चा बसवणारे महाभाग भेटतात. वायर अडीचचीच असेल, तर मग एमसीबीआधी वायर जळते.

आरसीसीबी पडत असेल तर त्याला बायपास करण्याआधी एवढं करा. गीझरचा प्लग पूर्ण बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, कारण एकेरी स्विचने न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग आरसीसीबी वर करा. टिकला तर दोष गीझरात. पाणी तापू लागल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडत असेल तर एलिमेंटचा संशय धरा. प्लग काढूनही पडला तर जंक्शन बॉक्समध्ये ओल असेल, किंवा इन्व्हर्टर बसवताना कुणीतरी न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील. हे दुसरं वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा सापडतं. इथून पुढे मात्र लायसन्सवाल्या वायरमनलाच बोलवा.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझरचा स्विच शोधत बसू नका, थेट मेन पाडा. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर स्विच बंद असूनही आत फेज असतो. म्हणूनच गीझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच लावायचा, आणि तो न्हाणीच्या बाहेर, ओला हात पोचणार नाही असा.

वर्षभर बंद असलेलं घर उघडलं की आधी गरम पाण्याचा नळ सोडा. धार सलग आल्यावरच गीझर चालू करा. टाकी रिकामी असताना चालू केलात तर एलिमेंट गेलंच म्हणून समजा. म्हार्दोळच्या त्या घरी आता डीबीपासून नवी लाइन आहे, अंगणात अर्थचा खड्डा आहे, आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी मला फोन येतो.