विजेची पिकअप घेतलीत? मग या चुका टाळा

"नाना, गाडी चार्ज नही व्हई राहिनी. काय करू आते?"

हा फोन आला की मी आधी विचारतो, "अर्थिंग केलंय का?" पलीकडे शांतता. मग, "ते वायरमनने पाहिलंय ना."

भडगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल मोटारी आणायला-पोचवायला तीन वर्षांपूर्वी विजेवरची छोटी पिकअप घेतली. तेव्हापासून आसपासच्या गावांत ज्याने कोणी अशी गाडी घेतली, तो शोरूमपेक्षा मलाच जास्त फोन करतो. तक्रारी बहुतेक त्याच असतात आणि चूक बहुतेक वेळा गाडीत नसतेच. एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या माणसाला नुसतं वाचायला सांगता येईल.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून गाडी घेणं

फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या विजेच्या मोठ्या पिकअपच्या मागे बोट बांधलेली असते, पुढे बायको-पोरं ऐसपैस बसलेली असतात. ते बघून आपला गडी म्हणतो, आपणही ट्रॉली ओढू, घरच्यांनाही फिरवू. त्या गाडीच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. रिकामी धावली तर कागदावर ५१५ किलोमीटर आणि ओढायची क्षमता साडेचार टन. तरीसुद्धा मागे मोठा ट्रेलर जोडला की तिची मजल निम्म्यावर येते.

आपल्याकडे २०२२ साली टाटाची एस ईव्ही आली, तिच्या बॅटरीत २१.३ युनिट. २०२४ ची महिंद्रा झिओ १८.४ किंवा २१.३ युनिटची. म्हणजे त्या लाइटनिंगच्या सहावा हिस्सा. कंपनी दीडशे-एकशे साठ किलोमीटर सांगते तो ठरावीक चाचणीचा आकडा असतो, पाचोरा रस्त्यावरच्या खड्ड्यांचा नसतो. केबिनमध्ये चालक आणि शेजारी एक माणूस. बोट विसरा.

अर्थिंगची "सेटिंग"

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

गाडीचा चार्जर शहाणा असतो. अर्थिंग नीट नसेल तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा दाखवतो. आपल्याकडे कित्येक घरांत अर्थिंग म्हणजे सॉकेटचं वरचं भोक, त्याच्या मागे वायरच नसते. पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं चालतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. विजेची गाडी आली की बिंग फुटतं.

मग वायरमन येतो. सॉकेट उघडतो, बोटभर वायरचा तुकडा घेतो आणि न्यूट्रल व अर्थिंगचे स्क्रू एकमेकांना जोडून देतो. लाल दिव्याचा हिरवा होतो. वायरमनला दोनशे रुपये आणि चहा.

गिरणाकाठच्या एका गावात दोन वर्षांपूर्वी असंच झालं. पोराने नवी गाडी घेतलेली, दिवा हिरवा, सगळे खूश. मी एकदा तिकडे मोटार उतरवायला गेलो होतो, तेव्हा त्याला म्हटलं, "ते सॉकेट दाखव जरा." तो म्हणाला, "काही नही व्हस, नाना. महिना झाला, मस्त चार्ज होते." मीही घाईत होतो, निघून आलो. ते माझं चुकलंच.

जूनच्या पहिल्या वादळात खांबावरून त्यांच्या घराकडे येणारी न्यूट्रलची तार निसटली. रात्री घरातले दिवे गेले म्हणून सगळे झोपले. गाडी चार्जिंगलाच लावलेली. पहाटे त्याची आई शेडमध्ये शेण काढायला गेली आणि गाडीच्या दाराला तिचा हात लागला. पायात रबरी चप्पल होती म्हणून बाई वाचली. हात खांद्यापर्यंत बधिर झालेला.

मी पोचलो तेव्हा गाडीच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर तो भक्कन पेटला. बोनेट, दार, हौद्याची कडी, जिथे लावावा तिथे. झालं असं की न्यूट्रल तुटल्यावर घरातल्या बटण चालूच राहिलेल्या फ्रिजमधून फेज उलटा न्यूट्रलच्या वायरीत आला, तिथून त्या बोटभर तुकड्यातून अर्थिंगच्या पिनेत आणि पिनेतून अख्ख्या गाडीत. गाडीखाली रबरी टायर, म्हणजे करंटला जमिनीत उतरायला वाट नाही. तो वाट बघत बसतो, कुणी हात लावेपर्यंत.

आता तपासायची माझी पद्धत. कुठल्या पुस्तकातली नाही, दुकानातली सवय आहे. आधी सॉकेट उघडून डोळ्यांनी बघतो, मग मीटर लावतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसलं तर ठीक. पण भार चालू असताना काटेकोर शून्य दिसलं तर मला आनंद होत नाही, संशय येतो. खऱ्या अर्थिंगमध्ये थोडं काहीतरी दिसतंच. एकदम शून्य म्हणजे मागे तो तुकडा असायची शक्यता जास्त. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायची जुनी युक्ती इथे फसवते, कारण तुकडा जोडलेला असला तरी बल्ब झकास पेटतो.

अर्थिंगसाठी खड्डा खणा, आठ फूट तरी. जीआय पाइप, कोळसा, मीठ. आपली काळी जमीन एप्रिल-मे महिन्यांत अशी फाटते की भेगेत हात जाईल, तेव्हा अर्थिंगही कोरडं पडतं. मी उन्हाळ्यात दर रविवारी त्या पाइपात दोन बादल्या पाणी ओततो. बायको म्हणते तुळशीला घालत नाहीत तेवढं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, लावा. मोबाइलच्या कव्हरवर पैसे घालता, इथेही घाला.

पिवळी एक्स्टेन्शन

घर इकडे, शेड तिकडे, मध्ये चाळीस मीटर. बाजारातून एक स्क्वेअरची (एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणतात आणि ओढतात. १५ अँपिअर ओढले की तेवढ्या वायरीत वीसेक व्होल्ट वाटेतच जिरतात आणि तीनशे वॉटच्या वर उष्णता होते. उरलेली वायर गुंडाळी करून खाटेखाली ठेवली असेल तर ती वितळते. वितळलेली गुंडाळी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे, येऊन बघा. चार स्क्वेअरची तांब्याची वायर, सलग, मध्ये जोड नाही.

आणि वायर बदलायच्या आधी वीजबिल काढा. मंजूर भार एक किलोवॅट आणि चार्जर तीनचा, हे गणित बसत नाही. भार वाढवायचा अर्ज करा.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. विद्युत कायद्याच्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. "कोण बघायला येतं?" असं म्हणणाऱ्यांपैकी एकाकडे आलेत बघायला.

संध्याकाळी सातला चार्जिंग

सातला सगळं गाव टीव्ही, कूलर, मोटार लावतं. व्होल्टेज १७०-१८० वर येतं, चार्जर मध्येच थांबतो, आणि मला फोन येतो. रात्री अकरानंतर लावा. झालं.

८० टक्क्यांवर थांबायचा हट्ट

मोबाइलसाठी कुणीतरी सांगितलेलं लोक गाडीला लावतात. आपल्याकडच्या या छोट्या पिकअपमध्ये बहुधा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असते. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरलेत हे गाडी अंदाजानेच सांगत असते. तिला मधूनमधून पूर्ण १०० पर्यंत नेलं नाही तर अंदाज घसरत जातो. मग १८ टक्के दिसत असतात आणि कजगावच्या फाट्यावर एकदम ६ होतात. लोक म्हणतात बॅटरी गेली. बॅटरी कुठे जात नाही. आठवड्यातून एकदा रात्रभर लावून पूर्ण भरू द्या, काटा जागेवर येतो. पुस्तिकेत दुसरं काही लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

उन्हाची मात्र काळजी घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गाडी भरधाव आणून लगेच प्लग खोचू नका. मी तासभर निंबाखाली उभी करतो, तोवर माझंही जेवण होतं.

ओढते म्हणून ओढायचं

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवायची सोय नाही.

विजेच्या मोटारीची गंमत अशी की जागेवरूनच तिचा पूर्ण जोर मिळतो. डिझेलला क्लच, गिअर, धूर करून जे ओढावं लागतं, ते ही आवाज न करता ओढते. माणूस तिथेच फसतो.

पुतण्याच्या पोराचं जाऊळ पाटणादेवीला होतं. माणसं दुसऱ्या जीपने जाणार, माझ्याकडे भांडी, किराणा, तंबू आणि मागे पाण्याची ट्रॉली. दोन चाकांची, गावातल्याच वर्कशॉपात वेल्डिंग केलेली, वर पाचशे लिटरची टाकी. भडगावहून चाळीसगाव, तिथून देवीपर्यंत, जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. माझी गाडी तेव्हा भरली की सव्वाशे सहज देत होती. हिशोब तोंडीच केला, बसला.

निघालो तेव्हा ९८ टक्के. देवीला पोचलो तेव्हा ४१. पंचावन्न किलोमीटरला बारा युनिट! एरवी मला किलोमीटरला ०.१६ युनिट लागतं, त्या दिवशी ०.२२ लागलं. परतीला टाकी रिकामी धरली तरी उरलेले साडेआठ युनिट घरापर्यंत पुरणारे नव्हते.

सगळ्यांना वाटतं चढ बॅटरी खातो. खातो, पण चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढायचा म्हटला तरी सुमारे तीनशे मीटरची उंची. दोन टनांच्या गाडीला त्यासाठी दोनेक युनिट लागतात. खरी चोरी ट्रॉलीची असते. तिच्या टायरमध्ये हवा कमी, चाकं एका रेषेत नाहीत, टाकी वाऱ्याला आडवी, आणि हे ओझं पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत मागे लागलेलं. शिवाय मी पोरांच्या जीपच्या मागे राहायचं म्हणून गाडी शेवटपर्यंत दाबून नेली होती. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नास आणि साठ यांत फरक दहाचा दिसतो, पण रोध दीडपटीच्या जवळ जातो.

बॅटरीचं एक वेळ चालेल. घाम फुटला तो एका नाल्याच्या उतारावर. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. टाकी भरायला पोरांना सांगितली होती, त्यांनी ती अर्धीच भरलेली. मी ब्रेक दाबला, गाडी मंदावली, आणि अर्ध्या टाकीतलं पाणी मागून धाडकन पुढे आलं. कुणीतरी पाठीत लाथ घालावी तसा धक्का बसला. मागचा भाग डावीकडे सरकला, शेजारी बसलेल्या बायकोने डॅशबोर्ड धरला आणि पुढचे पाच किलोमीटर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

येताना चाळीसगावात आत्याच्या घरी गाडी लावली, एसीच्या सॉकेटवर. मे महिना, एसी बंद. आत्या दोन तास पदराने वारा घेत माझ्याकडे बघत होती.

तर आता असं करतो. पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडाच दिला नसेल तर ओढत नाही. ट्रॉली हे वेगळं वाहन आहे, तिची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याने हूक लावून दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. टाकी एक तर गच्च भरायची, नाही तर रिकामी. आणि नवी गाडी घेतल्यावर पहिले पंधरा दिवस वहीत लिहायचं: किती किलोमीटर, किती वजन, किती टक्के गेले. तरुण पोरांना हे सांगितलं की हसतात. "नाना, स्क्रीनवर दाखवतं ना." स्क्रीन काल किती गेले ते सांगते, उद्या मागे काय जोडणार आहात ते तिला काय माहीत?

घाट उतरायचा असेल तर वर १०० टक्के भरून निघू नका. एरवी उतारावर मोटारच गाडी आवरते आणि ती वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला जागाच नसते, सगळा भार ब्रेक शूवर येतो. जळका वास येऊ लागला की समजून जा.

मागे माणसं बसवणं

हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे ती व्यावसायिक गाडी, मालाची. हौद्यात गादी टाकून सप्तशृंगीला वीस माणसं नेणं हे आपल्याकडे इतकं सरावाचं झालंय की सांगणाराच वेडा ठरतो. विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला जातो. फुकट बसलेल्या पाहुण्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या जमिनीतून जाते. बायकोला एसटीत अर्धं तिकीट आहे, आईला पंचाहत्तरीनंतर फुकट. मी माल नेतो, घरचे एसटीने येतात, आणि बहुतेक वेळा माझ्या आधी पोचतात.

किरकोळ, पण रोजच्या

चार्जिंगच्या तोंडावर प्रेशरचं पाणी मारू नका. नारिंगी केबलला हात लावू नका, ती मोठ्या व्होल्टेजची असते. उंदराने कुरतडली असली तरी टेप मारू नका. टायरची हवा दर आठवड्याला बघा.

आणि ही शेवटची, फोन सर्वात जास्त याच कारणाने येतात. "नाना, रात्री ९० टक्के होते, सकाळी गाडी मेली." मोठ्या बॅटरीबरोबर गाडीत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दिवे, हॉर्न, स्क्रीन, मोठी बॅटरी जोडणारा रिलेसुद्धा तिच्यावर चालतो. ती उतरली की आत वीस युनिट असूनही गाडी उठत नाही. पोरं तिच्यावर स्पीकर लावतात, निळ्या पट्ट्या लावतात, केबिनचा दिवा रात्रभर चालू ठेवतात. फोन लावायच्या आधी तिच्यावर मीटर धरा. बाराच्या खाली दाखवत असेल तर आधी तीच चार्ज करून बघा.