खुर्ची नवी, कंबर तीच: बैठ्या नोकरीत या चुका टाळा

नवा माणूस कामावर लागला की साधारण चौथ्या महिन्यात माझ्या टेबलापाशी येतो. एक हात कमरेवर, चेहरा कसनुसा. प्रश्न ठरलेला: "खुर्ची कुठली घेऊ?" मी १९ वर्षं टेबलाला चिकटून आहे आणि दोनदा कंबर धरून घरी बसलो आहे, म्हणून मला या विषयातला जाणकार समजतात. मी उलट विचारतो, "आज सकाळपासून किती वेळा उठलास?" तो आठवायला लागतो आणि जेवणाच्या सुट्टीपाशी येऊन अडतो.

खुर्चीवर सगळी भिस्त

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः थाटात केली आहे. कमरेला आधार, मानेला आधार, हात टेकायची जागा वर-खाली होणारी, अशी खुर्ची घेतली. पहिले दोन महिने सुखाचे गेले. इतके, की उठावंसंच वाटेना. जुनी खुर्ची तासाभरात टोचायला लागायची, म्हणून तरी मी चुळबुळ करायचो, खिडकीपर्यंत जाऊन यायचो. नवीने तेही बंद केलं. वर्षअखेरच्या हिशेबांचे दिवस होते. एका दुपारी सलग चार तास, पाठ ताठ, तळपाय जमिनीला टेकलेले, अगदी चित्रात दाखवतात तसा बसलो होतो. पेन खाली पडलं. वाकलो आणि उसण भरली. वर येताच येईना. शेजारच्याने आणि सुरक्षारक्षकाने मिळून मला गाडीत घातलं. खुर्चीला काही झालं नव्हतं.

नंतर फिजिओथेरपिस्टने समजावलं ते असं. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं आणि दाब कमी-जास्त होत राहिला, म्हणजेच हालचाल झाली, तर ते नीट होतं. स्नायू एकाच स्थितीत ताणून धरला की त्यालाही रक्त कमी पडतं. पायांतलं रक्त वर ढकलायचं काम बरंचसं पोटऱ्या करतात, आणि आपण बसलो की त्या रजेवर जातात. यातलं एकही काम खुर्ची करत नाही. 'योग्य' बैठकसुद्धा दोन तास तशीच ठेवली की छळतेच.

खुर्ची वाईट नको, एवढंच. तळपाय टेकावेत, कोपर साधारण काटकोनात यावेत, पाठ जराशी मागे रेलावी. बाकीचे पैसे वाचवा.

उठायची आठवण करून देणारे गजर मला पटत नाहीत. आठवड्याभरात बोट आपोआप गजर बंद करायला शिकतं आणि बूड जागेवरच राहतं. मी पाण्याची मोठी बाटली ठेवत नाही, छोटा पेला ठेवतो. तो अर्ध्या तासात संपतो, भरायला उठावं लागतं, आणि प्यायलेलं पाणी पुन्हा एकदा उठवतंच. फोन आला की उभा राहतो. दोन टेबलं पलीकडे बसलेल्याला मेसेज न टाकता जाऊन सांगतो. नवशिक्यांना हे फार किरकोळ वाटतं. ॲप नाही, मनगटावर पावलं मोजणारा पट्टा नाही, दाखवायला काहीच नाही.

"मी सकाळी तासभर व्यायाम करतो ना!"

यात तथ्य आहे, पण बोलणाऱ्याला वाटतं तेवढं नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं होतं. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये दिसणारा जास्तीचा मृत्यूचा धोका, रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांत जवळजवळ दिसेनासा झाला. 'रोज' हा शब्द लोक गाळतात. बहुतेकांचा तासभर म्हणजे आठवड्यातून दोनदा, तोही बूट घालण्यापासून धरलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी द्यावेत, आणि शिवाय बसणंही कमी करावं. यातलं 'शिवाय' कुणी वाचत नाही.

मला स्वतःला आवडतो तो जुना अभ्यास. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसकर्मचाऱ्यांबद्दल छापलं की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. ती चढ-उतार कामातच मुरलेली होती. (पुढे गणवेशांच्या मापांवरून दिसलं की चालक मुळातच कमरेने रुंद होते, तेव्हा सगळं श्रेय जिन्यांना देऊ नये.)

याच जातीची दुसरी चूक म्हणजे पाच दिवस बसून रविवारी थेट पळायला जाणं. आमच्यातल्या एकाने पहिल्याच रविवारी पोटरीचा स्नायू फाडून घेतला आणि सहा आठवडे लंगडत होता. आधी महिनाभर नुसतं चाला. हे सांगितलं की तोंडं वाकडी होतात.

दुखलं की आडवं पडणं

उसण भरल्यावर मी आठ दिवस अंथरुणाला खिळून होतो. सल्ला घरातल्या सगळ्यांचा होता आणि मला तो गोड वाटला. नवव्या दिवशी उठलो तर कंबर लाकडासारखी, पाय लटपटते. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग १९९५ मध्ये छापून आला होता. कंबर अचानक धरल्यावर काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले. दुसऱ्यांदा कंबर धरली तेव्हा मी दर तासाला कण्हत का होईना, घरात फेऱ्या मारल्या आणि चौथ्या दिवशी कामावर आलो. पूर्ण बरा नव्हतो, पण चालता होतो.

विश्रांतीच्या नावाखाली मोठ्या स्क्रीनवरून मोबाइलवर जाणं, हाही असाच घोटाळा. मान तशीच खाली, डोळे तसेच ताणलेले. ती सुट्टी मी धरत नाही.

बाकीच्या, पटापट

लॅपटॉप मांडीवर किंवा सपाट टेबलावर: स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असल्यामुळे एक सोयीचा झाला की दुसरा बिघडतो, आणि पाचेक किलोचं डोकं दिवसभर पुढे लोंबतं. खाली चार जाड पुस्तकं ठेवा, कीबोर्ड वेगळा घ्या. खर्च करायचाच तर इथे करा.

कीबोर्डचे मागचे पाय उघडू नका, मनगट वर वळतं.

उभ्याने काम करायचं टेबल घेऊन दिवसभर उभं राहणं ही जुन्याच चुकीची नवी आवृत्ती.

स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहा, आणि मुद्दाम पापण्या मिटा.

दहा हजार पावलांचा हट्ट सोडा. तो आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून आला. सध्या तीन हजार होत असतील तर चार करा.

कॉफीतलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी उशिरा कप घ्यायचा आणि रात्री झोप लागत नाही म्हणायचं, हे माझ्यासमोर नको.

आणि आठवड्याभरात "काही फरक नाही" म्हणत येऊ नका. पाच-दहा वर्षं बसून कमावलेलं दुखणं आहे ते.

फक्त काही बाबतींत माझं ऐकत बसू नका. पायातली ताकद जात असेल, जांघेभोवती बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, एकच पोटरी सुजून गरम झाली आणि दुखू लागली, किंवा छातीत दुखलं, तर पेला आणि फेऱ्या राहू द्या. त्याच क्षणी डॉक्टर गाठा.