ख्रिसमस पुडिंग कसं करावं: झाकण, दोरा आणि आठ तासांची वाफ

नोव्हेंबर अर्धा सरला की ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन यायला लागतात. बेदाणे किती भिजवू, ब्रँडी कोणती आणू, बदाम घालू का? गेली एकोणीस वर्षं मी इंग्लंडमधल्या आमच्या घरी दर वर्षी ख्रिसमस पुडिंग, म्हणजे सुक्या फळांचा वाफवलेला गोड पदार्थ, करते आहे. बेदाण्यांमुळे किंवा ब्रँडीमुळे कुणाचं पुडिंग बिघडलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ते बिघडतं झाकणाच्या दोऱ्यापाशी आणि पातेल्यातल्या पाण्यापाशी. त्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि पाककृती लिहिणारेही ‘झाकून आठ तास वाफवा’ एवढ्यावर तो भाग उरकतात. त्यामुळे इथे बाकीचं सगळं थोडक्यात सांगते आणि झाकण नि वाफ मात्र सविस्तर.

दिवस

अ‍ॅडव्हेंट (ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचा काळ) सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार. तो नेहमी २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो आणि त्याला ‘स्टर-अप संडे’ म्हणतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकापासून त्या रविवारची प्रार्थना ‘स्टर अप’ या शब्दांनी सुरू होते: प्रभू, तुझ्या भक्तांची इच्छाशक्ती जागी कर. स्टर म्हणजे ढवळणंही. देवळातून ते शब्द ऐकून यायचं आणि घरी पुडिंग ढवळायला घ्यायचं, ही सांगड लोकांनीच घातली. ती सोयीचीही आहे, कारण पुडिंग मुरायला महिनाभर लागतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केलंत तरी चालेल. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी करणार असाल तर दुसरा एखादा गोड पदार्थ करा.

साहित्य

दोन पिंटांच्या, म्हणजे साधारण १.२ लिटरच्या बेसिनसाठी. बेसिन म्हणजे काठाला जाड ओठ असलेलं चिनी मातीचं उभट भांडं. आठ माणसांना पुरतं.

बेदाणे १५० ग्रॅम, काळ्या मनुका १५० ग्रॅम, करंट १०० ग्रॅम, साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल ५० ग्रॅम, एक लहान सफरचंद किसून, गडद मस्कोवाडो (काकवी न काढलेली) साखर १५० ग्रॅम, ताज्या पांढऱ्या ब्रेडचा चुरा १०० ग्रॅम, सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा ७५ ग्रॅम, सूएट १०० ग्रॅम, दोन अंडी, स्टाउट (गडद काळी) बिअर ७५ मिलिलिटर, ब्रँडी दोन मोठे चमचे, आणि दालचिनी-जायफळ-लवंग यांची मिळून दोन लहान चमचे पूड.

मसाला एक धरला तर हे तेरा जिन्नस होतात. येशू आणि त्याचे बारा शिष्य मिळून तेरा, म्हणून परंपरेने तेराच घेतात. बदाम घातले तर चौदा होतात. मी घालत नाही, आणि चवीत कधी उणं वाटलेलं नाही.

दुकानात करंट आणि ब्लॅककरंट यांत गोंधळ करू नका. इथले करंट म्हणजे अगदी बारीक काळ्या द्राक्षांचे मनुके. कॉरिंथ या ग्रीक शहरावरून ते नाव आलं. ब्लॅककरंट हे वेगळंच आंबट फळ आहे. ब्रेडचा चुरा घरीच करा. तळणीसाठी मिळणारा कोरडा चुरा सगळा ओलावा पिऊन टाकतो.

सूएट म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ज्यांना ती चालत नाही त्यांनी निःशंकपणे व्हेजिटेबल सूएट घ्यावं. मी तेच वापरते. फ्रीझरमध्ये कडक केलेलं लोणी किसूनही चालतं. साधं वितळलेलं लोणी किंवा तूप मात्र नको. चरबीचे कण आधी घट्ट राहून नंतर हळूहळू विरघळतात, म्हणूनच पुडिंग हलकं होतं.

१९२७ साली ब्रिटिश साम्राज्यातल्या मालाची जाहिरात करणाऱ्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजवाड्यातल्या स्वयंपाकघरातली पुडिंगची कृती छापून वाटली होती. त्यात प्रत्येक जिन्नस साम्राज्याच्या कुठल्या मुलखातून घ्यायचा तेही दिलं होतं, आणि पुडिंगच्या मसाल्यापुढे नाव भारताचं होतं. मसाला मोजताना मला दर वर्षी ते आठवतं. आपला माल जाहिरातीसाठी त्यांच्या सणाच्या भांड्यात पडला होता. आज मी तो माझ्या हाताने, माझ्या मर्जीने घालते.

ढवळणं आणि भरणं

सुकी फळं रात्रभर स्टाउट आणि ब्रँडीत भिजवा. सकाळी सगळं एकत्र करा. घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा ढवळायचं आणि मनात एक इच्छा धरायची. बाळ येशूला भेटायला तीन ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले म्हणून ही दिशा. बेसिनला लोणी लावा, तळाशी कागदाची चकती ठेवा, मिश्रण दाबून भरा आणि वर दोन बोटं जागा सोडा.

झाकण

आता लक्ष द्या.

बरणीला दादरा बांधायची आपल्या हातांना सवय असते. फडकं ताणून घ्यायचं, जरासुद्धा सैल राहू द्यायचं नाही आणि गळ्याशी दोरा आवळायचा. पहिल्या वर्षी मी पुडिंगचं झाकण तसंच बांधलं होतं. तिसऱ्या तासाला वाफेने फुगून कागद मधोमध फाटला. पातेल्याच्या झाकणावरचं पाणी थेंबथेंब आत पडत राहिलं. संध्याकाळी उलटून पाहिलं तर वरचा निम्मा भाग भिजलेल्या पावासारखा झाला होता. जिन्नस सगळे उत्तम होते, ढवळणं मुलांनी हौसेने केलं होतं, आणि मला ते सगळं टाकून द्यावं लागलं. पुडिंगला उलट हवं असतं: दोरा घट्ट आणि कागद सैल.

बेकिंग पेपर आणि फॉइल, दोन्हींचे ३० सेंटिमीटरचे चौकोन कापा. फॉइलवर कागद ठेवा आणि दोन्ही मिळून मधोमध तीन सेंटिमीटरची एक चुणी घाला, साडीची एकच निरी घालावी तशी. पुडिंग फुगलं, वाफ वाढली, की ही चुणी उलगडते आणि झाकण फाटत नाही. चुणी नसलेलं झाकण मी कधीच वाफेवर ठेवणार नाही, मग सांगणारा कितीही मोठा आचारी असो.

कागदाची बाजू खाली ठेवून हे बेसिनवर घाला आणि ओठाखाली सगळीकडून दाबून बसवा. दीड मीटर सुती दोरा दुहेरी करा. ओठाच्या बरोबर खाली वेढा द्या, मोकळी टोकं दुमडीच्या फासातून काढून ओढा, दुसरा वेढा उलट्या दिशेने घ्या आणि निरगाठ मारा. गाठ मारताना कुणाला तरी तिच्यावर बोट धरायला सांगा. हे काम एकटीने होत नाही. झालं असं वाटतं, आणि दोरा ढिला राहतो. रबरबँड चालणार नाही, उष्णतेने त्याचा ताण जातो. प्लास्टिकच्या झाकणांवर माझा विश्वास नाही. उरलेला दोरा बेसिनच्या वरून पलीकडे नेऊन बांधा, म्हणजे गरम भांडं उचलायला कडी तयार होते. ही कडी विसरलात तर आठ तासांनंतर उकळत्या पाण्यातून ते बेसिन बाहेर काढता येणार नाही.

पुढची गोष्ट मला शेजारच्या एका आजींनी दाखवली, तोवर ती कुठल्याही पाककृतीत मला दिसली नव्हती. दोऱ्याखाली लोंबणारा कागद दोन सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापा, आणि त्याच्याभोवतीची फॉइल वर दुमडून कागद पूर्ण आत बंद करा. कागदाचं एक टोक जरी पाण्यात गेलं तरी दिव्याच्या वातीसारखं ते पाणी वर ओढत राहतं. दोरा घट्ट असूनही पुडिंग ओलं झालं असं कुणी सांगितलं, की मी आधी हेच विचारते.

वाफ

बेसिन सहज मावेल असं खोल पातेलं घ्या, झाकण घट्ट बसणारं. तळाशी एक बशी उपडी ठेवा, कारण बेसिन तळाला टेकलं तर खालून करपतं. बेसिन ठेवून त्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत उकळतं पाणी ओता.

पाणी खळखळायला नको. वर आलेल्या लाटा झाकणावर आपटतात आणि दोऱ्यावाटे आत शिरतात. मंद, अखंड उकळी हवी. दर चाळीस मिनिटांनी पाणी पाहा आणि किटलीतलं उकळतं पाणीच घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि चिनी मातीचं भांडं तडकू शकतं. पाण्यात काचेची एक गोटी टाकून ठेवा. पाणी आहे तोवर ती तळाशी टकटक वाजते. टकटक थांबली की हातातलं काम सोडून उठा.

आठ तास म्हणजे आठ तास. ‘चार तासांत होतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. चार तासांत मैदा शिजतो हे खरं, पण तेव्हा पुडिंगचा रंग दुधाच्या चहासारखा असतो आणि चव गोड पावाची लागते. साखर आणि फळं मंद आचेवर काळसर होत जातात, मसाला त्यांच्यात मिसळतो, ते पुढच्या चार तासांत. सुई खुपसून काही कळत नाही, चिकट फळं सुईला लागतातच. रंग पाहा: जवळजवळ काळा हवा.

रात्रभर वाफेवर ठेवू नका. तिसऱ्या वर्षी मी ठेवलं होतं, दोन वेळा उठायचं ठरवून. एकदा उठले. पहाटे जळक्या साखरेच्या वासाने जाग आली तेव्हा पातेलं कोरडं होतं आणि बेसिनला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. घरात दोन लहान मुलं झोपलेली होती. त्या दिवसापासून मी सकाळी नऊला सुरू करते, पाचला उतरवते, आणि मधल्या वेळात घराबाहेर पडत नाही.

कुकरचं सगळेच विचारतात. शिट्टी काढून, ढोकळ्याला वापरतो तसा वाफेचं भांडं म्हणून कुकर उत्तम आहे. वेळ तोच, आणि पाण्यावर नजर तितकीच. दाबाखाली झटपट करण्याच्या कृती आहेत, पण मला त्यातलं पुडिंग घट्ट आणि जड वाटलं. मी परत केलं नाही.

साठवण

पूर्ण निवू द्या, ओलं झाकण काढून टाका, नवा कागद नि फॉइल तशीच बांधा आणि थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. दर आठवड्याला ब्रँडी पाजायचा सल्ला ऐकू नका. मधे एकदा, एक चमचा, पुरे. त्याहून जास्त घातली तर पुडिंग कडवट आणि पाणचट होतं.

पूर्वी मिश्रणात चांदीचं सहा पेन्सचं नाणं घालत. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं. १९४६ पर्यंतच्या नाण्यांत चांदी आहे. आजची नाणी घालू नका. मी जुनं नाणं कागदात गुंडाळून वाढायच्या वेळीच खालून खुपसते आणि जेवणाऱ्यांना तसं सांगते. लहान मुलांच्या ताटात जाण्याआधी त्यांचा तुकडा मी स्वतः तपासते.

ख्रिसमसची दुपार

पुन्हा दोन तास वाफवा. राजाचं भाषण तीनला असतं, त्यामुळे मी साडेबाराला ठेवते आणि भाषणाआधी पुडिंग टेबलावर आणते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. साखर आणि मद्य एकदम तापून पेट घेऊ शकतात, आणि आत नाणं असेल तर धोका आणखी वाढतो.

ताटात उलटं करा. आता ब्रँडी पेटवून वर ओतायची. चाळीस टक्क्यांची ब्रँडी साधारण २६ अंश सेल्सियसच्या खाली पेटत नाही, त्यामुळे डिसेंबरातल्या स्वयंपाकघरात बाटलीतून थेट ओतून काड्या ओढत बसणं व्यर्थ आहे. पळीत ५० मिलिलिटर घ्या, कडेला वाफ दिसेपर्यंत कोमट करा, उकळू देऊ नका. गॅस बंद, वरचा पंखा बंद, केस बांधलेले, पदर किंवा ओढणी खोचलेली, मुलं दोन हात लांब. लांब काडीने पळीतच पेटवा आणि पुडिंगवर ओता. बाटली त्या खोलीतही नको. दिवे आधी मालवून ठेवा, कारण निळी ज्वाला उजेडात दिसत नाही आणि मिनिटभरही टिकत नाही. वर हॉलीची (ख्रिसमसच्या सजावटीतल्या काटेरी पानांच्या झुडपाची) डहाळी खोचायची असेल तर ज्वाला विझल्यावर खोचा, देठाला फॉइल गुंडाळून, आणि तिची लाल फळं आधी काढून टाका. ती विषारी असतात.

उरलेल्या पुडिंगचे बोटभर जाडीचे काप करून दुसऱ्या दिवशी सकाळी लोण्यात दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. आमच्याकडे मुलं त्याच सकाळची वाट पाहतात, म्हणून मी आता दोन बेसिनं करते.