चॅटबॉटची लिंक साफ करताना या चुका टाळा

चॅटजीपीटीच्या उत्तरातली लिंक कॉपी केली की बऱ्याचदा तिच्या मागे ‘यूटीएम_सोर्स=चॅटजीपीटी.कॉम’ असं शेपूट येतं. वाचक कुठून आला, हे त्या साइटला कळावं म्हणून. ते काढलं तरी पान तेच उघडतं. बिघडतं ते काढणाऱ्याच्या घाईनं.

पहिली घाई म्हणजे प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं उडवणं. यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये ‘व्ही=’ हाच व्हिडिओचा पत्ता असतो; तो गेला की उरतं काय? तिथे माग ठेवणारं ‘एसआय=’ तेवढं काढा. सरकारी साइटवर ‘आयडी=’ दिसलं तर हात लावू नका.

दुसरी चूक जास्त नडते. लातूरच्या एका अभ्यासिकेत पोरांनी भरतीच्या जाहिरातींची एक्सेल यादी केली आणि शेपूट सगळीकडून एकदम उडवायला ‘रिप्लेस ऑल’ मारून मोकळी झाली. काही लिंक दुसऱ्या पानावर जाऊन ॲड्रेस बारमधून उचललेल्या, म्हणजे ‘?यूटीएम_सोर्स=चॅटजीपीटी.कॉम&पेज=2’ अशा. शेपटासोबत ‘?’ पण गेलं, नुसतं ‘&पेज=2’ उरलं, आणि पान सापडेना. निळ्या लिंकांची तऱ्हा आणखी वेगळी: वरची अक्षरं बदलली, आतला पत्ता जुनाच.

म्हणून आधी राइट क्लिक करून ‘रिमूव्ह हायपरलिंक’. मग क्रम पाळा. ‘~?यूटीएम_सोर्स=चॅटजीपीटी.कॉम&’ शोधून त्याजागी ‘?’ टाका. नंतर ‘&यूटीएम_सोर्स=चॅटजीपीटी.कॉम’ शोधून बदलीची जागा रिकामी ठेवा, शेवटी ‘~?यूटीएम_सोर्स=चॅटजीपीटी.कॉम’साठीही तेच. खरे शब्द अर्थात लिंकमध्ये असतील तसे, इंग्रजीत. ते ~ चिन्ह गाळायचं नाही, एक्सेलला नुसतं ‘?’ म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’, त्यामुळे ‘&’ वाली लिंकही पहिल्याच फेरीत सापडते आणि एका लिंकमध्ये दोन प्रश्नचिन्हं होतात.

एकदोनच लिंक असतील तर हा उपद्व्याप कशाला? फायरफॉक्स आणि ब्रेव्हमध्ये राइट क्लिकवर स्वच्छ लिंक कॉपी करायची सोय आहे. ‘लिंक साफ करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी साइट मात्र मला पटत नाहीत. माग काढू नये म्हणून लिंक साफ करायची आणि ती तिसऱ्यालाच नेऊन द्यायची!

# च्या पुढचा भाग ठेवा, तो पानातल्या ठरावीक जागी नेतो.

‘सिग्नेचर’ किंवा ‘एक्स्पायर्स’ असलेली डाउनलोड लिंक कापूच नका, फाइल उघडणार नाही.

साफ केलेली लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी खासगी विंडोत उघडून बघा. चॅटबॉटनं पत्ताच चुकीचा दिला असेल तर तोही तिथेच कळतो.