अमेरिकी म्युनी बाँड घेण्याआधी पेन्शनचं पान उघडा

न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये राहणारे बरेच जण केंद्रीय करातून मुक्त व्याजासाठी आपल्याच राज्यातले म्युनी बाँड, म्हणजे शहरं आणि राज्यांनी काढलेले कर्जरोखे, घेतात. नेमकी याच दोन राज्यांच्या पेन्शन फंडांत मोठी तूट आहे, म्हणजे कर्मचाऱ्यांना कबूल केलेल्या पेन्शनपेक्षा फंडात पैसे कमी आहेत; ती तूट भरायचा भार बाँड फेडणाऱ्या तिजोरीवरच पडतो. पतमानांकनावर थांबू नका. बाँड काढणाऱ्या शहराचा किंवा राज्याचा लेखापरीक्षित वार्षिक अहवाल फुकट मिळतो, तो वाचा.

बाँडचा क्यूसिप, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून नऊ चिन्हांचा ओळख क्रमांक, एम्मा (EMMA) या म्युनी बाँडची कागदपत्रं आणि सौदे दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. आधी ऑफिशियल स्टेटमेंट (बाँड विकताना दिलेलं माहितीपत्रक) उघडा आणि परतफेड कशातून होणार ते पाहा. 'जनरल ऑब्लिगेशन', म्हणजे शहराच्या एकूण करवसुलीची हमी, हा शब्द दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेट्रॉइटने जुलै २०१३ मध्ये चॅप्टर ९ (शहरांसाठीचा दिवाळखोरी कायदा) खाली दिवाळखोरी मागितली, तेव्हा अमर्याद करहमी (फेडीसाठी लागेल तेवढा कर वाढवायचं वचन) असलेल्या बाँडधारकांना डॉलरमागे ७४ सेंट मिळाले आणि मर्यादित करहमीवाल्यांना निम्म्याहून कमी. पेन्शनची तूट भरायला २००५-०६ मध्ये विकलेल्या सुमारे १४० कोटी डॉलरच्या सर्टिफिकेटांचे (बाँडसारख्याच कर्जाच्या कागदांचे) हाल सर्वांत वाईट झाले. निवृत्त नागरी कर्मचाऱ्यांचं मूळ पेन्शन मात्र ४.५ टक्केच कापलं गेलं. पाणी आणि मलनिस्सारणाच्या बिलांवर काढलेले बाँड पूर्ण फिटले.

आता वार्षिक अहवाल. हिशेबाखालच्या टिपा संपल्या की पुरवणी माहितीत वर्गणीचा, म्हणजे पेन्शन फंडात दरवर्षी भरायच्या रकमेचा, दहा वर्षांचा तक्ता असतो. ॲक्च्युअरीने (पेन्शनचं देणं मोजणाऱ्या तज्ज्ञाने) काढलेली रक्कम एका ओळीत, प्रत्यक्ष भरलेली दुसऱ्या ओळीत. सलग तीन-चार वर्षं कमी भरणा दिसला तर तो बाँड सोडा. इथे एक फसगत होते. काही तक्त्यांत 'कायद्याने ठरलेली' वर्गणी दाखवतात. इलिनॉयचा १९९४ चा कायदा २०४५ पर्यंत फंड ९० टक्के भरायला सांगतो, त्यामुळे कायद्याप्रमाणे पै न पै भरूनही ॲक्च्युअरीच्या आकड्यापेक्षा भरणा कमीच पडत आला. पुढे पेन्शन कापून सुटका होईल असंही धरू नका. तिथल्या राज्यघटनेत पेन्शनला संरक्षण आहे आणि २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कपातीचा कायदा रद्द केला.

पेन्शनच्या टिपेत आणखी एक छोटा तक्ता असतो: फंडाच्या गुंतवणुकीवर मिळेल असा धरलेला परताव्याचा दर एक टक्का खाली आला तर तूट किती वाढेल? समजा फंडात ४०० कोटी डॉलर आहेत आणि ७ टक्के दराने देणं १,००० कोटी. ६ टक्क्यांना तेच देणं साधारण १,१२० कोटी होतं. म्हणजे तूट ६०० वरून ७२० कोटींवर जाते आणि ४० टक्के भरलेला फंड ३६ टक्क्यांवर येतो.

मग कर्जाचे हप्ते, ॲक्च्युअरीने मागितलेली वर्गणी आणि निवृत्तांचा आरोग्यखर्च यांची बेरीज करून शहराच्या वार्षिक महसुलाशी ताडा. आमच्या मते तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ गेलेलं शहर मंदी पेलू शकत नाही. अहवालच वर्ष-वर्ष उशिरा येत असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

भारतात परतायचा बेत असेल तर लक्षात ठेवा: पूर्ण निवासी झाल्यावर हे व्याज भारतात करपात्र होतं.

शेवटी एम्मावरच त्या क्यूसिपचे मागचे सौदे पाहा. मार्च २०२० मध्ये म्युनी फंडांतून पैसे काढायची रीघ लागली आणि चांगल्या बाँडलाही खरेदीदार मिळेना. महिनोन्‌महिने सौदा नसलेला बाँड मुदतीपर्यंत ठेवायची तयारी असेल तरच घ्या.